मोबाइलच्या खोक्यावर काय छापत नाहीत

आयफोन वापरायचा तो 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात, असं अ‍ॅपल स्वतःच सांगते. बंद करून नुसता ठेवायचा असेल तर 45 अंशांपर्यंत मुभा आहे. आता सोलापूरचा मे महिना आठवा. पारा 42-43ला टेकलेला, सात रस्त्यावर भर दुपारी चिटपाखरू नाही आणि पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांत पंखासुद्धा गरम वारा फेकतोय. म्हणजे लाखभर रुपये मोजून आणलेला तो फोन आपल्याकडे उन्हाळ्यातल्या बहुतेक दुपारी कंपनीनेच आखलेल्या मर्यादेबाहेर असतो. इतर कंपन्यांचे फोन काही वेगळ्या मातीचे नसतात. लिथियम-आयन बॅटरी सगळ्यांच्याच पोटात. उष्णतेने तिचं आयुष्य घटतं, फोन तापला की चार्जिंग रेंगाळतं, स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो.

यातलं काहीही गुपित नाही. तरी नवी पेठेत फोन घ्यायला गेलं की काउंटरवरून दोनच प्रश्न येतात: बजेट किती आणि कंपनी कोणती. तुम्ही फोनवर दिवसभर काय करता, कुठे उभे राहून करता, हे कुणी विचारत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, असं माझं मत आहे.

एकेकाळी हे चालून गेलं असतं. फोन हौसेचा होता, बिघडला तर पीसीओ होता. 2016 मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी जिओ आलं, आणि तेव्हापासून फोन हे घरातलं कामाचं हत्यार झालं. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी त्यावर, गॅसचं बुकिंग त्यावर, पोराच्या पोलीस भरतीचा अर्ज त्यावर, आणि नळाला पाणी कधी सुटणार हा गल्लीच्या ग्रुपवरचा मेसेजही त्यावरच. जिथे रोज पाणी येत नाही त्या शहरात हा शेवटचा मेसेज चुकणं म्हणजे काय, ते सोलापूरकराला समजावून सांगायला नको.

परवा एका दुकानात पूर्व भागातल्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या. विक्रेत्याने फोन पुढे सरकवला. "मावशी, हा न्या. 50 मेगापिक्सेल, 8 प्लस 8 सोळा जीबी रॅम, एकदम मक्खन." मावशींनी फोन उलटापालटा करून पाहिला, कानाला लावला आणि विचारलं, "रिंग मोठी वाजती का ओ? ह्यांना मागाच्या आवाजात काय ऐकूच येत नाही." त्या तासाभरात दुकानात विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच. विक्रेता हसला, मुलगा लाजला आणि फोन ठरला तो मुलाच्या मित्राकडे ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीचा. हप्त्यावर. रिंग कुणी वाजवून पाहिलीच नाही.

यंत्रमागाच्या कारखान्यात फोनचं काय होतं ते पाहायचं असेल तर दुरुस्तीवाल्याच्या टेबलापाशी थोडा वेळ बसावं. 'चार्ज होत नाही' म्हणून आलेल्या फोनच्या पिनमध्ये तो टॉर्च मारतो, बारीक सुई घालतो आणि दाबून बसलेला कापसाचा करडा तूस अलगद बाहेर ओढतो. स्पीकरच्या जाळीवर ब्रश फिरवला की तिथूनही तेच निघतं. फोन लगेच चार्जिंगला लागतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला हवा मोठा आवाज, जोराचं व्हायब्रेशन आणि धूळ आत न जाऊ देणारी बांधणी. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी आयपीचा आकडा असतो, त्यातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पहिला अंक 5 असेल तर धूळ बरीचशी अडते, 6 असेल तर आत शिरतच नाही. पिनच्या तोंडाशी तूस आयपी 68च्या फोनलाही साचणारच, पण तो आतल्या बोर्डापर्यंत पोचत नाही. जाहिरातीत मात्र सगळा भर दुसऱ्या अंकावर. निळ्याशार तलावात फोन बुडवून दाखवतात. आमच्याकडचा फोन पाण्यात पडायच्या आधी तुसाने आणि धुळीने मरतो. (पडायला पाणी असायला हवं ना, असंही कुणी म्हणेल.)

विड्या वळणाऱ्या बायकांचं दुखणं निराळं. वर्षानुवर्षं तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात 'अंगठा उठत नाही' हे वाक्य तिथूनच येतं. तेच बोट फोनच्या फिंगरप्रिंटवर ठेवलं तर फोन चार वेळा नाही म्हणतो, पाचव्यांदा पॅटर्न मागतो. वैतागून मग लॉकच काढून टाकलं जातं, आणि त्याच फोनमध्ये बँकेचं खातं असतं. चेहरा दाखवून उघडायची सोय स्वस्त फोनमध्ये बहुधा नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालते, तिच्यावर पैशाच्या बाबतीत विसंबू नये. अशा बाईने दुकानातल्या डेमो फोनवर स्वतःचं बोट नोंदवून पाहावं. दोन-तीन फोनांवर पाहावं. कुठला उघडतो ते तिथल्या तिथे कळतं, आणि ते कुठल्याही जाहिरातीत कळत नाही.

शेतकऱ्याचं पाहा. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीत किंवा सांगोल्याच्या डाळिंबात उभ्या असलेल्या माणसाला 108 मेगापिक्सेलचं काहीच पडलेलं नसतं. त्याला लागतं नेमकं लोकेशन, उन्हात वाचता येईल असा स्क्रीनचा उजेड आणि त्या बांधावर मिळणारी रेंज. उजेडासाठी निट्स हा आकडा विचारावा, जास्त तितका बरा. रेंजचं उत्तर तर कुठल्याच फोन कंपनीकडे नाही. गावात ज्याचा टॉवर जवळ त्याचं सिम, एवढाच त्यावरचा इलाज. म्हणून दोन सिमची सोय ही त्याच्यासाठी चैन ठरत नाही. 5जी देशात 1 ऑक्टोबर 2022ला आलं, पण आपल्या वस्तीवर ते पोचलंय का हे शेजाऱ्याला विचारून मगच त्यासाठी जादा पैसे मोजावेत.

आता खोक्यावर जे ठळक छापतात त्याकडे येऊ. 50 मेगापिक्सेलच्या बहुतेक कॅमेऱ्यांत चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो निघतो. ही लबाडी नाही, अंधारात फोटो बरा यावा म्हणून ती युक्ती आहे. पण मग आकड्याची फुशारकी कशाला? फोटो चांगला येतो तो सेन्सरचा आकार, भिंग आणि आतलं सॉफ्टवेअर यांच्या जोरावर. मागे तीन-चार गोल भिंगं दिसतात, त्यातलं एखादं 2 मेगापिक्सेलचं नुसतं शोभेला असतं. '8 प्लस 8' रॅममधले दुसरे 8 ही रॅमच नसते. स्टोरेजमधली जागा रॅम म्हणून उसनी घेतलेली असते, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने फार हळू चालतं. मावशींना विक्रेत्याने सांगितलेली 'सोळा जीबी' ती हीच.

कंपनीच्या नावाखाली काय असतं, तेही थोडं उघडून पाहायला हरकत नाही. आयफोनच्या स्क्रीन सॅमसंग पुरवते, हे जगजाहीर आहे. सोनीचे कॅमेरा सेन्सर निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत सापडतात. प्रोसेसर बहुतेक अँड्रॉइड फोनांत क्वालकॉमचा नाहीतर मीडियाटेकचा. मोटोरोला आणि शाओमी बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या दिसतात, पण भारतात दोघींचे फोन जोडून देणाऱ्यांत डिक्सन हे नाव दोन्हीकडे आहे. म्हणून सगळे फोन सारखेच, असा निष्कर्ष कुणी काढू नये. सॉफ्टवेअर, तपासणी, विक्रीनंतरची सेवा यांत मोठा फरक पडतो. पण चौकातल्या पोरांचं 'आमची कंपनी, तुमची कंपनी' हे भांडण बरंचसं स्टिकरवरचं आहे.

तरीही नावाला किंमतच नसते असं सोलापूरच्या माणसाने म्हणू नये. हे शहर नावावर जगलंय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुसरीकडे विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून खपवल्या जातात ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. पण चादरीचं नाव झालं ते विणीमुळे. आणि आजही जाणतं गिऱ्हाईक चादर हातात घेऊन वजन बघतं, दोन्ही बाजूंची नक्षी बघतं, मगच लेबल बघतं. फोन उसवून वीण बघता येत नाही, ही खरी अडचण. वीस हजारांची वस्तू, आतलं काही दिसत नाही, दाखवणाऱ्याला कमिशन कुठल्या मॉडेलवर जास्त ते आपल्याला ठाऊक नाही. मग माणूस नाव धरतो. जाहिरातीला भुलतो म्हणण्यापेक्षा तो अंधारात भिंत चाचपतो म्हणावं. ब्रँडच्या मागे लागणाऱ्यांना हसणाऱ्या शहाण्यांना हे कळत नाही. नाव न धरता दुसरं काही अनोळखी, खोक्यावर आकडेच आकडे असलेलं उचललं, तर तो जास्त फसतो.

नोकियाचं नाव भारतात घराघरांत गेलं ते कसं, हे आठवून पाहावं. 2003 मध्ये त्यांनी 1100 हा फोन काढला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत स्क्रीन नव्हती. पण टॉर्च होता, कीपॅडवर धूळ आत जाऊ न देणारं रबरी आवरण होतं, घामेजल्या हातातूनही निसटू नये अशी कड होती. वीज जाणाऱ्या, धुळीच्या आणि उकाड्याच्या मुलखातला माणूस समोर ठेवून तो आखला होता. जगभरात 25 कोटींहून जास्त खपला. नाव गरजेच्या मागून आलं. पुढे गरज बदलली, स्मार्टफोन आले, नोकिया मागे पडली, आणि 2014 मध्ये तिचा हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. एलजीसारखी बलाढ्य कंपनी 2021 मध्ये मोबाइलच्या धंद्यातून उठून गेली. नाव मोठं म्हणून फोनला वाली आहेच, असं नाही.

आणि फोनचा वाली म्हणजे कोण? सुरक्षेचे अपडेट पाठवणारा. माझ्या लेखी कॅमेरा, रॅम, रंग या सगळ्यांच्या आधी हा मुद्दा येतो. फोन दिसायला ठणठणीत असतो, पण कंपनी अपडेट थांबवते, मग एक दिवस बँकेचं अ‍ॅप म्हणतं, हा फोन चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपने 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉइड 4.4 वाल्या फोनांना असाच निरोप दिला. गुगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस 24 पासून 7 वर्षं अपडेट देऊ म्हटलंय. सॅमसंगच्याच पंधरा-वीस हजारांच्या टप्प्यातल्या ए 16 5जीला 6 वर्षं आहेत, आणि त्याच किमतीत दुसरीकडे दोन-तीन वर्षांत हात वर केलेले दिसतील. किंमत तीच, पण एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या दुप्पट. ही गोष्ट कंपनीच्या नावावरूनही कळत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची मुदत वेगळी असते. मॉडेल विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. फोल्डर, म्हणजे टचसकट अख्खा डिस्प्ले, केवढ्याला पडतो? बॅटरी बदलायला किती? पार्ट सोलापुरात मिळतो की पुण्याहून मागवायचा? विकत घ्यायच्या आधी दुरुस्तीवाल्याला हे तीन प्रश्न विचारले, तर कंपन्यांबद्दलची आपली अर्धी मतं तिथेच बदलतील. काही नावाजलेल्या फोनांचा फोल्डर नव्या साध्या फोनच्या किमतीला जातो. आठ दिवस फोन पुण्याला गेला तर तेवढे दिवस यूपीआय बंद, ओटीपी बंद, रिक्षावाल्याचं किंवा पार्सलवाल्या पोराचं काम बंद. तो खर्च कुठल्याच तुलनेत धरलेला नसतो.

हप्त्यांबद्दल फार लिहीत नाही, पण 'झिरो टक्के' ही पाटी वाचताना एवढं लक्षात असू द्यावं की शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. ते प्रोसेसिंग फीमध्ये शिरतं, नाहीतर रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. वर 2020 पासून फोनवर 18 टक्के जीएसटी आहे तो आहेच. रोखीची किंमत आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज एका कागदावर लिहून मागावी. बरेच विक्रेते इथे गडबडतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. कॉलेजच्या पोराला काय हवं हे तुम्ही कोण ठरवणार? चांगल्या कंपनीचा फोन हातात असला की मुलाखतीला जाताना त्याची मान ताठ राहते. स्थळ बघायला आलेले पाहुणेसुद्धा टेबलावरचा फोन बघतात. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाकडे घर, गाडी, इंग्रजी यातलं काही बरोबरीचं नसतं, फोन तेवढा बरोबरीचा असू शकतो. प्रतिष्ठा हीसुद्धा गरजच आहे, मला ते मान्य आहे. कमावता मुलगा स्वतःच्या पैशाने, कशासाठी पैसे देतोय हे ओळखून सफरचंदाचं चित्र विकत घेत असेल, तर आपण उपदेश करायचं कारण नाही. प्रश्न येतो तो घरात एकच फोन असेल तेव्हा. तिथे मुलाची प्रतिष्ठा, आईचं ई-केवायसी आणि बापाची न ऐकू येणारी रिंग एकाच खोक्यातून बाहेर यायची असतात, आणि निवड मात्र एकट्या मुलाच्या मित्रमंडळाची होते.

गरज म्हणजे स्वस्तातलं, असाही एक समज आहे. तो मला जास्त घातक वाटतो, कारण तो दुसऱ्याच्या गरजेबद्दल असतो. लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणाऱ्याला पन्नास हजारांचा फोन ही काटकसर ठरू शकते. उलट, कामाचा अंदाज न घेता स्वस्तातले फोन वाटले की काय होतं, ते सरकारने आपल्याला दाखवून दिलंय. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी फोन दिले. रॅम अपुरी, फोन सारखे हँग होणार, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, वर पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन प्रशासनाकडे परत नेऊन दिले. बाळाचं वजन घेऊन ते उन्हातान्हात फोनवर भरणाऱ्या बाईला, तुझं काम काय आणि कसं चालतं, हे खरेदीच्या आधी विचारलं गेलं असतं तर ही वेळ आली नसती. 

जुना फोन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सरकारने चांगली केलीय. *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढायचा, केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहून पुढे तो क्रमांक टाकायचा आणि 14422 वर मेसेज करायचा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर पैसे द्यायच्या आधी कळतं. दोन मिनिटांचं काम.

मग करायचं काय? 'गिऱ्हाइकाने जागरूक व्हावं' हे मी म्हणणार नाही. दिवसभर विड्या वळून आलेल्या बाईने रात्री निट्स आणि आयपीचा अभ्यास करावा, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे. फ्रिज घेताना आपण विजेचा अभ्यास करत नाही, दारावरच्या चांदण्या मोजतो. ही चांदण्यांची पट्टी आपल्याकडे 2006 पासून आहे. फ्रान्सने जानेवारी 2021 पासून स्मार्टफोनवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापायला लावले. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून फोनच्या खोक्यावरच्या पट्टीत बॅटरी किती टिकते, पडला तर किती सोसतो, धूळ-पाण्याला कितपत तोंड देतो, दुरुस्त करायला किती सोपा, हे सगळं अक्षरांत आणि चित्रांत येतं. सुटे भागही 7 वर्षं मिळाले पाहिजेत, असं बंधन आहे. त्याच कंपन्या तिथेही फोन विकतात, म्हणजे माहिती त्यांच्याकडे तयार आहे. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं, दुरुस्तीच्या गुणांकनावर नेमलेल्या समितीने 2025 मध्ये केंद्राला अहवालही दिला. ते गुण दुकानातल्या खोक्यावर सक्तीने आले पाहिजेत, आणि मराठीत आले पाहिजेत. सोबत अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत, फोल्डर आणि बॅटरी केवढ्याला, आणि किती तापमानापर्यंत वापरायचा, या ओळी हव्यात. शेंगदाण्याच्या चटणीच्या पुडीवर तयार केल्याची तारीख छापावी लागते. मग वीस हजारांच्या फोनवर एवढ्या ओळी का नसाव्यात?

नवी पेठेतल्या एका दुकानदाराला मी म्हटलं, कायदा होईल तेव्हा होईल, तुम्ही तरी प्रत्येक मॉडेलखाली अपडेटचं वर्ष आणि फोल्डरची किंमत खडूने लिहा. त्याला कल्पना आवडली. पण तो म्हणाला, "लिहिलो असतो ओ, पण फोल्डरचा भाव कंपनी आम्हालाच सांगत नाही. सर्व्हिस सेंटरला विचारा म्हणते." महिन्याला शेकडो फोन विकणाऱ्या माणसाला जे कळत नाही, ते मावशींनी कुठून शोधून काढावं, याचं उत्तर आता कंपन्यांनी आणि ग्राहक व्यवहार खात्याने द्यायचं आहे.